ऑपरेशनला पाच स्टार, पुढच्या सात वर्षांना तीन

आधीच सांगून टाकतो, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. यात कौतुक आहे तशी तक्रारपण आहे, आणि ज्या माणसाने मला परत उभं राहून लघवी करायला लावली त्याच्या दवाखान्याची नावानिशी तक्रार करायला मन होत नाही. पुण्यातलं आहे, लघवीच्या आजारांचं आहे, एवढं पुरे. आणि हा रिव्ह्यू बारीक झालेल्या मूत्रमार्गाच्या ऑपरेशनचा कमी, ऑपरेशननंतरच्या सात वर्षांचा जास्त आहे. ऑपरेशनचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, डिस्चार्जच्या दिवशी, हातात पेढ्याचा बॉक्स घेऊन, स्टाफ खूप चांगला सर देवमाणूस वगैरे. तेव्हा लघवीची नळी अजून आतच असते राव, तुम्हाला काय कळणार सक्सेस झालं का नाही.

मी एसटीत कंडक्टर. बार्शी-पुणे लाइनला बरीच वर्षं काढली. २०११ च्या गणपतीत मंडळाचा मांडव बांधताना वरच्या बांबूवरून पाय सटकला आणि खालच्या आडव्या बांबूवर पडलो, एक पाय इकडे एक पाय तिकडे. ज्याने त्याने कल्पना करावी, मी परत आठवत नाही. दोन थेंब रक्त आलं, तालुक्याच्या दवाखान्यात नळी घातली, आठवड्याने काढली, घरी आलो. पोरं अजून चेष्टा करतात त्याची. पण आतला लघवीचा पाइप त्या मारात चेचला गेला होता आणि तो भरून येताना वण धरतो, वण महिनोन्महिने आवळत जातो, पाइप बारीक होत जातो. डॉक्टर याला स्ट्रिक्चर म्हणतात. सहा महिन्यांत माझी धार दोऱ्यासारखी झाली.

कंडक्टरला लघवीचा त्रास म्हणजे काय ते ज्याला माहीत त्याला माहीत. टेंभुर्णीला गाडी पाच मिनिटं थांबते. त्या पाच मिनिटांत कंट्रोलरकडे नोंद करायची, पाणी भरायचं आणि मुतारीत जाऊन यायचं. मला एकट्या मुतारीलाच सात-आठ मिनिटं लागायला लागली. मागे लाइन लागलेली, कोण खाकरतंय, कोण "ओ मास्तर आवरा" म्हणतंय, मी भिंतीला डोकं टेकून जोर करतोय आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न देतोय. मग पाणी पिणंच कमी केलं, मे महिन्यातसुद्धा. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की माझ्या हिशोबाने माझं सक्सेस कशाने मोजायचं ते तिथे टेंभुर्णीच्या स्टँडवर ठरलेलं होतं. तो हिशोब हॉस्पिटलच्या फाइलीत कधीच आला नाही.

पुण्याला जायच्या आधी काय काय झालं ते थोडक्यात. २०१२ ला दुर्बिणीतून आत जाऊन वण कापला, आठ महिने एकदम मस्त. परत बारीक. २०१४ ला परत कापला, या वेळी चार महिने. त्यानंतर सळ्या घालून रुंद करणं सुरू झालं, दर तीन-चार महिन्यांनी. आपल्याकडच्या जुन्या शल्यतंत्रात पण हेच लिहिलंय म्हणे, लोखंडाची नाहीतर लाकडाची नळी तूप लावून घालायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड घालायची. तुपाच्या जागी जेली आली, बाकी माझं तेच चाललं होतं. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही की वण लहान असेल, पहिल्यांदाच असेल, तर दुर्बिणीने कापून निम्म्याच्या वर लोकांचं भागतं, पण दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा कापून फायदा झपाट्याने कमी होतो आणि दरवेळच्या कापण्याने नवा वण तयार होतो तो वेगळाच. दीड सेंटीमीटरचा प्रकार मी अशा तऱ्हेने हौसेने साडेचारपर्यंत वाढवून घेतला.

२०१८ ची आषाढी. जादा गाड्या, पंढरपूरची ड्यूटी, दोन दिवस धड झोप नाही, आणि संध्याकाळी लघवी बंदच. पूर्ण बंद. पोट ढोलकीसारखं. खालून नळी जाईना म्हणून शेवटी पोटातून भोक पाडून मूत्राशयात नळी घातली आणि पिशवी लावून घरी पाठवलं. अख्खा पंढरपूर माउली माउली करत होतं आणि मी त्या पिशवीत पडलेल्या पाण्याला हात जोडत होतो.

मग पुणे. इथून खरा रिव्ह्यू.

सरांनी पहिल्या भेटीत पाऊण तास दिला, यात अजिबात खोट नाही. खालून औषध भरून एक्सरे काढला, आरजीयू म्हणतात, आणि पोटातल्या नळीतून वरूनपण भरला, म्हणजे अडथळ्याची दोन्ही टोकं दिसतात. तो एक्सरे समोर धरून समजावलं की कुठे किती बारीक आहे. मग म्हणाले तोंड उघडा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीन बोटं उभी घालून बघितली, बॅटरी मारली आणि विचारलं, "तंबाखू कोणत्या गालात धरता?" म्हटलं डावीकडे. "मग उजवा घेऊ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लांब स्ट्रिक्चरला नुसतं कापून दोन टोकं जोडता येत नाहीत, ताण येतो. म्हणून गालाच्या आतलं पातळ अस्तर काढून त्याचं ठिगळ मूत्रमार्गाला लावतात. गालाचंच का, तर ते कायम ओलं राहायला सरावलेलं असतं, चिवट असतं, रक्त पटकन धरतं आणि त्याला केस येत नाहीत. पूर्वी अंडकोषाची कातडी वापरायचे तर आत केस उगवायचे आणि त्यावर खडे धरायचे, ऐकूनच अंगावर काटा आला. कल्पना बाकी नवी नाही, १८९४ लाच सापेझ्को नावाच्या सर्जनने तोंडातलं अस्तर या कामाला वापरलं होतं, पुढे १९४१ ला हंबीने, आणि मग १९९० नंतर ती खरी चालायला लागली. आपल्याकडे अडचण एकच, गुटखा-मावा खाणाऱ्यांचे गाल आतून पांढरे आणि कडक झालेले असतात, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, मग ठिगळाला कापड आणायचं कुठून. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे असं म्हणतात, म्हणोत. मी तंबाखू त्या दिवशी सोडली ती परत धरली नाही, या एका गोष्टीसाठी बायको त्या सरांना दिवाळीला फराळ पाठवते.

माझं ऑपरेशन ज्या पद्धतीने झालं, म्हणजे मूत्रमार्ग सगळा सुटा न करता एकाच बाजूने उचलायचा, दुसऱ्या बाजूचं रक्त आणि नसा तशाच ठेवायच्या आणि वरच्या अंगाला ठिगळ बसवायचं, ती पद्धत पुण्याच्याच डॉ. संजय कुलकर्णींच्या नावाने जगभर ओळखतात, इटलीच्या बारबालींबरोबर त्यांनी ती २००९ मध्ये छापली होती. माझं ऑपरेशन त्यांच्याकडे झालेलं नाही, गैरसमज नको. पण ऐकून बरं वाटलं, आपल्या पुण्यातून निघालेली गोष्ट इटलीवाले करतायत.

पोटातल्या नळीवर तीन-चार महिने काढून, म्हणजे खालच्या मार्गाला आराम देऊन, नोव्हेंबर २०१८ ला ऑपरेशन झालं. बसायच्या जागी, अंडकोषाच्या मागे चीर. तीन आठवडे नळी. खालच्यापेक्षा तोंड जास्त दुखलं हे कोणी सांगत नाही. पहिले चार दिवस गार दूध, आइस्क्रीम, ताक, पातळ खिचडी. वडापाव पहिल्यासारखा उभा घास घेऊन खायला तीन महिने लागले. तीन आठवड्यांनी नळीच्या बाजूने औषध भरून एक्सरे काढला, कुठे गळत नाही बघितलं आणि नळी काढली. आणि मग धार आली. काय सांगू. आवाज आला हो. भांड्यात पडल्याचा आवाज सात वर्षांनी ऐकला, बाहेर बायको बसली होती तिला ऐकू गेला, ती रडायलाच लागली.

ऑपरेशन पाचपैकी पाच. बिल एक लाख दहा हजारांच्या घरात झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कॅंटीनचा चहा दोन स्टार.

आता पुढचं.

तीन महिन्यांनी पहिला फॉलोअप. युरोफ्लो म्हणजे लघवीचा वेग मोजायचं मशीन, एक नरसाळं आणि खाली काटा, तुम्ही आपलं त्यात जायचं आणि ते कागदावर आलेख काढतं. नॉर्मल माणसाचा आलेख घंटेसारखा, चढतो आणि उतरतो. स्ट्रिक्चरवाल्याचा टेबलासारखा, थोडा चढतो आणि सपाट चालत राहतो, चालतच राहतो. कंडक्टरला घंटी काय शिकवायची, मी माझा आलेख बघितल्याबरोबर म्हटलं डबल बेल, जाऊ द्या गाडी. ऑपरेशनआधी, म्हणजे आषाढीच्या आधीचा जुना रिपोर्ट होता, त्यात वेग सेकंदाला चार मिली होता. आता चोवीस. पंधराच्या वर असला की ठीक धरतात. पण त्यासाठी मूत्राशयात निदान दीडशे मिली लघवी तरी पाहिजे नाहीतर आकडा फसवा येतो, आणि इथेच पहिली तक्रार.

तुमच्या त्या युरोफ्लोच्या खोलीला कडी नाही. दाराला रुमाल अडकवून ठेवलाय. बाहेर बाकावर पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, सगळे पाय हलवत बसलेले, आणि सिस्टर ओरडून विचारतात "काका आली का, जोरात आली का?" आत गेलेला माणूस ऐंशी मिली करून लाजत बाहेर येतो आणि तोच आकडा फाइलला लागतो. माझा एकदा असाच नव्वद मिलीवर वेग नऊ आला होता, घरी येऊन दोन रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट लघवी साठल्यावर केलं असतं तर वीस आला असता. सात वर्षांची गोष्ट तुम्ही ज्या एका आकड्याने मोजता, त्या आकड्याला एक कडी बसवता येत नाही?

दुसरी तक्रार कागदाची. दरवेळी एक इंग्रजी फॉर्म देतात, सात प्रश्न, शून्य ते पस्तीस मार्क. तो मुळात प्रोस्टेटवाल्या म्हाताऱ्यांसाठी केलेला आहे. रात्री किती वेळा उठता, थांबून थांबून होते का, घाई होते का, जोर करावा लागतो का असं. ठीक आहे, काही प्रश्न आम्हालापण लागू पडतात. पण धार फाटते का, दोन बाजूंना उडते का, बुटावर पडते का, झाल्यावर पँटमध्ये थेंब गळतात का, हे त्यात कुठेच नाही. आणि तेच तर आमचं दुखणं आहे. गालाचं ठिगळ लावलेल्या जागी पाइप थोडा फुगतो, तिथे दोन-चार चमचे साठतं आणि तुम्ही चेन लावून चार पावलं चाललात की गळतं. खाकी पँटवर ते लगेच दिसतं. मी दोन वर्षं बॅग पुढे धरून हिंडलो. याच्यावरचा उपाय मला एका जुन्या पेशंटने बाकावर बसल्या बसल्या सांगितला, झाल्यावर अंडकोषाच्या मागे दोन बोटांनी दाबून पुढे सारत आणायचं, साठलेलं निघून जातं. हॉस्पिटलच्या छापील कागदावर फोनचे चार नंबर आहेत, ही एक ओळ नाही.

भाचा एमबीबीएसला आहे, त्याने मला सांगितलं की इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या लोकांनी २०११ मध्ये खास मूत्रमार्गाच्या ऑपरेशनवाल्यांसाठी वेगळा प्रश्नांचा कागद काढला, त्यात धारेची चार चित्रं असतात, माणूस उभा आणि धार किती लांब जातेय, तुमची कुठली त्यावर खूण करा. बघा हे कळतं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं. त्यात थेंबांचा प्रश्न आहे, समाधान आहे का नाही असा प्रश्न आहे. असा कागद मराठीत छापून घ्यायला किती खर्च आहे, दोन रुपये झेरॉक्स.

तिसरी गोष्ट नाजूक आहे पण लिहितो, कारण वाचणाऱ्यांत माझ्यासारखे असतील. ऑपरेशननंतर पाच-सहा महिने नवरा म्हणून माझं काही चाललं नाही. नंतर आपोआप आलं, बहुतेकांचं सहा महिने-वर्षात येतं असं नंतर कळलं. पण वीर्य पूर्वीसारखं जोराने येत नाही, तिथेच आत राहतं आणि मागाहून गळतं. आमची दोन मुलं झालेली होती म्हणून निभावलं, पंचविशीतल्या पोराचं काय. हे सात वर्षांत एकदाही, एकदाही कोणी विचारलं नाही. मी धीर करून एका शिकाऊ डॉक्टरला सांगितलं तर तो माझ्यापेक्षा जास्त लाजला आणि फाइलीत काहीतरी बारीक अक्षरात लिहून "सरांना सांगतो" म्हणाला. सर त्या दिवशी ऑपरेशनला होते. तो कागद अजून फाइलीत आहे, मी बघितला, त्यावर लिहिलंय "नो फ्रेश कम्प्लेंट्स".

आता जे मला खरं सांगायचंय ते. २०२० ला लॉकडाउन, फॉलोअप चुकला. २०२१ ला आमचा संप, पाच-सहा महिने पगार नाही, पुण्याला जायला भाड्याचे पैसे काढायचे तर घरातलं पीठ आठवायचं, आणि आपलीच एसटी बंद म्हणजे जायचं ते पण खासगीने. परत चुकला. त्या काळात हॉस्पिटलमधून एक फोन आला. बाई गोड बोलल्या. "काका लघवी होतेय ना? परत कुठे काही करून घ्यावं लागलं का, सळी, दुर्बीण? नाही ना? ओके थँक्यू." चाळीस सेकंद. नंतर भाच्याने सांगितलं तेव्हा पेटली, की मामा तुम्ही त्यांच्या यादीत सक्सेस म्हणून लागलात. जगातल्या डॉक्टरांच्या बऱ्याच संशोधनाच्या पेपरांत सक्सेसची व्याख्या हीच आहे, परत कसलं ऑपरेशन करावं लागलं नाही म्हणजे यश. आणि जो आलाच नाही, फोनही उचलला नाही, तो काही ठिकाणी शेवटचा जसा दिसला तसाच धरून चालतात. म्हणजे संपात पैसे नाहीत म्हणून घरी बसलेला माणूस बरा आणि हॉस्पिटलला गेलेला आजारी.

आणि त्या वेळी मी बरा नव्हतो हे मला माहीत होतं. टेंभुर्णीला पाच मिनिटं पुरत होती पण आधी दोन मिनिटांत बाहेर यायचो ते चार लागायला लागले होते. मी स्वतःला समजावत होतो, थंडी आहे, वय झालं. गंमत म्हणजे पाइप चांगला बारीक होईपर्यंत धारेला फारसा फरकच पडत नाही, दहा-अकरा फ्रेंचच्या खाली गेला की मग धार एकदम ढासळते. फ्रेंच हे यांचं माप, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तर हे झालं साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे माणसाला त्रास जाणवतो तोवर आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून काही ठिकाणी ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी आणि वर्षाने सरळ दुर्बीण घालूनच बघतात, सोळा-सतरा फ्रेंचची दुर्बीण अलगद गेली तर पास. त्याला ते आतून बघितलेलं यश म्हणतात. तसं बघितलं की नापास जास्त सापडतात, साहजिक आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःला काही त्रासच नसतो. मग त्यांना नापास म्हणायचं का? बरं दुर्बीण घालून घ्यायला कोणाला हौस आहे. मला विचाराल तर त्रास नसताना दरवर्षी नको, पण पहिल्या वर्षात एकदा बघून ठेवा, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी राहतं.

२०२३ ला शेवटी गेलो. वेग अकरा, आणि आलेख टेबल. चोवीसवरून अकरा. अकरा हा आकडा एकटा बघितला तर डॉक्टर म्हणेल थोडा कमी आहे, बघू, पण माझ्याच आधीच्या आकड्याशेजारी ठेवला की बोंब आहे. सरांनी, हे त्यांचं कौतुक, जुना कागद शोधायला लावला. तो फाइलीत नव्हता. माझ्याकडे घरी होता, तिकिटांच्या जुन्या ट्रेमध्ये, कारण कंडक्टरची सवय, हिशोबाचा कागद फेकायचा नाही. आरजीयू काढला तर ठिगळ मस्त रुंद, पण ठिगळाच्या वरच्या टोकाला, जिथे जुना पाइप आणि नवं अस्तर जोडलंय, तिथे बारीक कडं. अंगठीसारखं. हे होतं म्हणे, ठिगळ चांगलं राहतं आणि जोडावर कडं धरतं. ते दुर्बिणीतून कापलं, वीस मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. त्यानंतर वेग एकोणीस, आता दोन वर्षांनी अठरा. पाणी भरपूर पितो. टेंभुर्णीला दोन मिनिटं. थेंबांची युक्ती जमलीय. घरचंही ठीक आहे.

आणि आता मी फाइलीत नापास आहे. परत काहीतरी करावं लागलं ना. जेव्हा बॅग पुढे धरून हिंडत होतो, धार बारीक होत चालली होती आणि बायकोपासून तोंड लपवत होतो तेव्हा मी सक्सेस होतो, आणि आता सगळं सुरळीत चाललंय तर मी फेल्युअर. हे लॉजिक आमच्या डेपोत सांगितलं तर मेकॅनिकपण हसेल. गाडीचं इंजिन ओव्हरहॉल केलं, पाच वर्षांनी एक वॉशर बदलला, तर ओव्हरहॉल फेल असं कोण म्हणतं.

भाच्याशी यावर वाद झाला माझा. तो म्हणतो मामा कुठेतरी रेघ मारायला लागते, नाहीतर प्रत्येक डॉक्टर आपलं आपलं यश सांगेल. आणि त्याचं सगळं चूक नाही. त्याने इंग्लंडचंच एक काम सांगितलं, २०२० ला छापलेलं, परत परत स्ट्रिक्चर होणारे २२२ पुरुष, निम्म्यांना मोठं ऑपरेशन, निम्म्यांना दुर्बिणीने कापणं, अशी चिठ्ठी काढून वाटणी, आणि दोन वर्षं त्यांनाच विचारत राहिले की त्रास किती. तर दोन्हीकडे त्रास साधारण सारखाच कमी झाला, पण मोठ्या ऑपरेशनवाल्यांना परत काही करायची वेळ बरीच कमी आली. म्हणजे परत करावं लागलं का हा प्रश्न फालतू नाही. मान्य. ज्याने माझ्यासारख्या सळ्या घालून घेतल्यात त्याला तर पटकन मान्य. पण दोन वर्षं म्हणजे काय हो? माझं कडं पाचव्या वर्षी सापडलं. लंडनच्या लोकांनी २००३ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतचा हिशोब मांडला होता, त्यात कापून सरळ जोडलेल्यांचं पहिल्या काही वर्षांत जे बिघडायचं ते बिघडलं आणि नंतर जवळजवळ स्थिर राहिलं, पण ठिगळवाल्यांचं दरवर्षी थोडं थोडं बिघडतच गेलं. त्यांची ठिगळं बहुतेक कातडीची होती, गालाची नव्हेत, तेवढा फरक धरायचा. तरी ठिगळवाल्याला दोन वर्षांनी "आता यायची गरज नाही" म्हणणं मला पटत नाही. आणि मला तसं म्हणाले होते, २०२० च्या आधी, लेखी नाही पण तोंडी.

मग मार्क कसे द्यायचे. मला वाटतं वेगाचा आकडा हवाच, पण तुमचा तुमच्याशी ताडून बघितलेला, आणि नीट लघवी साठल्यावर घेतलेला. बिघडलं का ते बघायला परत करावं लागलं का हा प्रश्न हवा, पण काय करावं लागलं तेपण लिहा, वीस मिनिटांचं कडं कापणं आणि परत सगळं फाडून नवीन ठिगळ लावणं एका खात्यात कसं घालता. आणि पेशंटला विचारा, त्याच्या भाषेत, दार बंद करून. थेंब, बायको, गाल, सगळं विचारा. माझा उजवा गाल अजून आतून ओढतो थंडीत, हे तर कुणाच्या यादीतच नाही.

जे नवीन जाणार आहेत त्यांना, जा. बिनधास्त जा, दुर्बिणी आणि सळ्या घालत बसू नका माझ्यासारखे सहा वर्षं. तंबाखू आजच सोडा, गाल लागणार आहे. पहिल्या युरोफ्लोचा कागद घरी ठेवा, झेरॉक्स काढून, तो थर्मल कागद असेल तर काही वर्षांत उडतो, माझा उडायला आलाय. घड्याळ लावून घरी स्वतः मोजा महिन्यातून एकदा, बादलीवर खुणा करून, फार अक्कल लागत नाही.

हॉस्पिटलवाल्यांनी हे वाचलं तर, मागच्या महिन्यात त्याच गोड बाईंचा परत फोन आला होता. "काका ऑपरेशननंतर परत काही करावं लागलं का?" म्हटलं हो, एकदा, दुर्बिणीने, तुमच्याकडेच. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. म्हटलं मॅडम, थांबा, आता कसं आहे ते विचारा ना. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बोला काका." मी अकरा मिनिटं बोललो, गाडी भिगवणला उभी होती. कुठे लिहून घेतलं ते माहीत नाही, पण ऐकून घेतलं, म्हणून दोनाचे तीन स्टार करतोय. पुढची तारीख मार्चमधली दिलीय. तेवढी त्या खोलीला कडी बसवून घ्या.